डुकरांमधला लाळ्या खुरकूत आणि त्यांची प्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाळ्या खुरकूत म्हटलं की डोळ्यांसमोर तोंडातून लाळेच्या तारा गळणारी गाय येते. डुक्कर येत नाही. त्यामुळे या रोगाबद्दलची बहुतेक माहिती गायी-म्हशींची असते, आणि वराहपालक तीच डुकरांना लावायला जातात. तिथेच चुका होतात, कारण डुकराचं शरीर या विषाणूशी वेगळ्या पद्धतीनं आणि वेगळ्या वेळापत्रकानं लढतं. वराहपालक आणि पशुवैद्यकीचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

डुकरांना लाळ्या खुरकूत होतो का? तो तर गुरांचा रोग ना?

होतो, आणि चांगलाच जोरात होतो. खूर दुभागलेल्या सगळ्या जनावरांना हा विषाणू धरतो. डुकराची लाळ मात्र फारशी गळत नाही, त्यामुळे रोगाच्या नावावरून लाळ शोधत बसणारा माणूस फसतो. डुकरात हा रोग पायांत उतरतो. एरवी खाद्याचा आवाज आला की धावत येणारा कळप सकाळी उठतच नाही. एखादं उठलं तरी पुढच्या गुडघ्यांवर रांगत कुंडीपर्यंत येतं आणि कडक जमिनीवर पाय टेकताच किंचाळतं. जवळ बसून पाय हातात घेतला, तर कातडी आणि खूर जिथे जुळतात तिथे पांढुरकी पट्टी दिसते. बोटानं हलकेच दाबली की खालचं पाणी सरकतं. एक-दोन दिवसांत फोड फुटतो, आणि कधी कधी अख्खी खुरी निसटून जमिनीवर पडते. मुस्कटावर, जिभेवर, पिल्लं पाजणाऱ्या मादीच्या सडांवरही फोड येतात.

विषाणू नेमका कसा आहे?

अगदी लहान, साधारण ३० नॅनोमीटरचा. आत आरएनएचा एकच धागा, सुमारे ८,४०० अक्षरांचा. बाहेर चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी बनलेलं कवच. १८९७-९८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं, तरी त्या गाळलेल्या पाण्यानं रोग होत राहिला. प्राण्यांमधला एखादा रोग विषाणूमुळे होतो हे प्रथम कळलं ते याच रोगावरून.

त्याचे सात प्रकार आहेत : ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट-१, सॅट-२, सॅट-३. यातला सी प्रकार २००४ नंतर कुठेच आढळलेला नाही. हे सात प्रकार लक्षात ठेवा, पुढे दोन-तीन उत्तरांत ते लागतील.

विषाणू शिरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डुकराच्या शरीरात काय होतं?

खरा खेळ इथेच होतो, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

डुकराला संसर्ग बहुतेक वेळा तोंडावाटे किंवा आजारी डुकराच्या थेट संपर्कातून होतो. विषाणू आधी घशातल्या टॉन्सिलच्या आवरणात वाढतो, तिथून रक्तात उतरतो आणि रक्तातून खुराच्या कडेपर्यंत, मुस्कटापर्यंत, जिभेपर्यंत पोचतो. फोड दिसायच्या आधीच तो रक्तात असतो, लाळेत असतो आणि श्वासातही असतो.

कोणत्याही पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. तो शेजाऱ्यांना दिलेला इशारा असतो : दारं लावून घ्या, आत चोर आहे. इशारा मिळालेल्या पेशी विषाणूला आपल्यात वाढू देत नाहीत. लाळ्या खुरकूतचा विषाणू इंटरफेरॉनपुढे फार दुबळा आहे. प्रयोगशाळेत पेशींना आधी इंटरफेरॉन दिलं तर तो जवळजवळ वाढतच नाही.

म्हणूनच तो पेशीत शिरल्या शिरल्या इशाऱ्याची घंटाच बंद पाडतो. त्याच्याकडे ‘एल’ नावाचं एक प्रथिन आहे, ते कात्रीसारखं काम करतं. पेशी स्वतःची प्रथिनं ज्या यंत्रणेनं बनवते, तिचा एक कळीचा दुवा ही कात्री तोडते. पेशीची स्वतःची प्रथिनं बनणं थांबतं, विषाणूची मात्र बनत राहतात, कारण त्याच्या आरएनएला त्या दुव्याची गरज नसते. इंटरफेरॉनचं जनुक सुरू करणारा संदेशही हीच कात्री मोडते. विषाणूची दुसरी कात्री, ३-सी, याच कामाला हातभार लावते. हे ‘एल’ प्रथिन काढून टाकलेला विषाणू शास्त्रज्ञांनी तयार केला, तेव्हा त्यानं डुकरांत रोग केला नाही. विषाणूचा सगळा जोर कशात आहे, हे त्या प्रयोगातून स्पष्ट झालं.

आजारी डुकराच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी दिसतात. ते का महत्त्वाचं?

संसर्गाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, रक्तात विषाणू भरात असताना, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्यानं घसरते. ज्या उरतात त्याही सुस्त असतात. त्यांना उत्तेजन दिलं तरी नेहमीसारख्या वाढत नाहीत. विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या एनके पेशींचा जोरही त्याच दिवसांत उतरतो, आणि प्रतिकार थंड करणारं आयएल-१० नावाचं रसायन वाढतं. विषाणू रक्तातून ओसरला की काही दिवसांत ही संख्या पूर्ववत होते.

म्हणजे विषाणू डुकराची प्रतिकारशक्ती कायमची मारत नाही. त्याला फक्त तीन-चार दिवस हवे असतात, आणि तेवढे तो मिळवतो. तेवढ्या काळात एक डुक्कर श्वासावाटे गायीच्या किती तरी पट विषाणू हवेत सोडतं. १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या डुकरांमधून निघालेला विषाणू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या गुरांपर्यंत गेला होता. अंतर सुमारे २५० किलोमीटर. डुकराचे हे सुरुवातीचे दिवस साऱ्या मुलखाला इतके महागात पडू शकतात.

मग प्रतिपिंडं कधी तयार होतात? ती काय करतात?

प्रतिपिंडं म्हणजे विषाणूला ओळखून चिकटणारी, शरीरानं बनवलेली प्रथिनं. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास आयजीएम प्रकारची पहिली प्रतिपिंडं दिसू लागतात, त्यामागोमाग आयजीजी प्रकारची येतात. आठवडाभरात रक्तातला विषाणू बहुधा नाहीसा होतो. प्रतिपिंडं चढत जाण्याचा आणि रक्तातला विषाणू उतरत जाण्याचा काळ एकच असतो.

त्यांचं पहिलं काम विषाणूची किल्ली झाकण्याचं. कवचावरच्या व्हीपी-१ प्रथिनाचा एक लवचिक फास बाहेर डोकावतो, आणि त्याच्या आधारे विषाणू पेशीच्या दाराशी अडकतो. प्रतिपिंड त्यावर बसलं की विषाणूला पेशीत शिरता येत नाही. दुसरं काम, प्रतिपिंडं चिकटलेला विषाणू मॅक्रोफेज पेशी पटापट गिळतात. तिसरं मला सगळ्यांत सुंदर वाटतं. रक्तातल्या एका खास जातीच्या डेंड्रिटिक पेशींना नुसता विषाणू दिला तर त्या गप्प राहतात. तोच विषाणू प्रतिपिंडांत गुंडाळून दिला की त्या इंटरफेरॉन सोडू लागतात. विषाणूनं बंद पाडलेली घंटा प्रतिपिंडं अशी दुसऱ्या बाजूनं वाजवतात.

टी-पेशींचा काही उपयोग होतो का?

होतो, पण या रोगात मान प्रतिपिंडांचाच. टी-पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्यांना मदत करतात, चांगल्या दर्जाची आयजीजी बनवून घेतात आणि आठवण धरून ठेवतात. डुकराच्या टी-पेशींचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. त्यांच्या आठवण धरणाऱ्या अनेक पेशींवर सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा एकत्र असतात. माणसाच्या रक्तात असं क्वचित दिसतं. शिवाय कोवळ्या डुकरांच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी-पेशींचा वाटा खूप मोठा असतो. उंदरावरचे निष्कर्ष जसेच्या तसे डुकराला लावू नयेत, त्याचं एक कारण हे.

बरं झालेलं डुक्कर विषाणू घेऊन फिरतं का?

नाही. डुकराच्या बाबतीत हीच सगळ्यांत दिलासा देणारी गोष्ट आहे.

संसर्गानंतर २८ दिवस उलटूनही ज्याच्या घशात जिवंत विषाणू सापडतो, त्या जनावराला वाहक म्हणतात. आफ्रिकन रानम्हैस पाच वर्षांपर्यंत वाहक राहू शकते, गाय तीन वर्षांहून अधिक. डुकराच्या शरीरातून मात्र तीन-चार आठवड्यांत विषाणू पुरता जातो. त्याची प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते, पण एकदा लागली की घर झाडून पुसून स्वच्छ करते.

यातून गैरसमज मात्र करून घेऊ नका. हे वाचल्यावर काहींना वाटतं, चला, महिनाभर थांबलं की झालं. त्या महिन्यात त्या डुकरानं किती जनावरांना रोग दिला, हा प्रश्न उरतोच. आणि आजारपणात कापलेल्या डुकराचं मांस ही आणखी वेगळी गोष्ट. मांस मुरतं तेव्हा स्नायूंत आम्लता वाढते आणि तिथला विषाणू मरतो. पण हाडांच्या मगजात आणि लसिका ग्रंथींत ती तेवढी वाढत नाही, तिथे विषाणू टिकतो. असं उरलंसुरलं न शिजवता दुसऱ्या डुकरांच्या खाद्यात गेलं की साखळी पुन्हा सुरू. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या साथीचा माग एका वराहपालन केंद्रावरच्या उष्ट्या-खरकट्या खाद्यापर्यंत गेला. ती साथ आटोक्यात येईपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली.

एकदा रोग होऊन गेला की पुन्हा होत नाही, हे खरं का?

त्याच प्रकारचा विषाणू काही महिने पुन्हा लागत नाही. दुसऱ्या प्रकाराचा लागू शकतो, कारण ओ प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं ए किंवा एशिया-१ ला ओळखत नाहीत. एकाच प्रकारातल्या दोन वाणांतही इतका फरक असू शकतो की संरक्षण अर्धवट पडतं. गुरांच्या मानानं डुकरांतली ही प्रतिकारशक्ती लवकर ओसरते.

दूध पिणारी पिल्लं फोड न येताच का मरतात?

कारण पिल्लात विषाणू हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. रात्री धडधाकट दिसणारी अख्खी वीण सकाळी आईच्या कुशीला मेलेली सापडते. शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात, वाघाच्या कातडीवर असतात तसे. तोंडात, पायाला काहीच नसतं. फोड यायला लागतो तेवढा वेळही पिल्लाला मिळालेला नसतो.

अशा पिल्लाला वाचवणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे आईचा चीक. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लाकडे जात नाहीत. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ शून्य असतं. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या २४ ते ३६ तासांत. त्यानंतर आतड्याची ती वाट बंद होते आणि प्रतिपिंडं रक्तात न जाता नुसती पचतात. म्हणून मादीला विण्याआधी काही आठवडे लस द्यायची आणि जन्मल्याबरोबर प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय ना हे स्वतः बघायचं. विशेषतः सगळ्यांत छोटं, ढकललं जाणारं पिल्लू. त्याला हातानं उचलून पुढच्या सडाला लावण्यात जी दोन मिनिटं जातात, ती वाया जात नाहीत.

मग पिल्लांना लस लवकरात लवकर द्यावी ना?

अगदी स्वाभाविक विचार आहे, पण इथे घाई नडते. आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही झाकून टाकतात. पिल्लाच्या पेशींना लस नीट दिसतच नाही, मग त्या तिच्याविरुद्ध काही शिकत नाहीत. लस टोचल्याची नोंद होते, संरक्षण होत नाही. म्हणून पहिली मात्रा साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या वयात आणि चार आठवड्यांनी बूस्टर, असा क्रम सहसा धरतात. आईला लसच मिळाली नसेल तर हिशोब बदलतो. तेव्हा पशुवैद्यकाला आईच्या लसीची तारीख आवर्जून सांगा.

डुकरांना तेलाचीच लस का देतात?

गुरांसाठी अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि सॅपोनिनवर बनवलेली लस चालते. डुकरांत तिनं प्रतिपिंडं नीट उठत नाहीत. तेलाच्या इमल्शनमधली, म्हणजे तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणातली लस टोचल्या जागी हळूहळू सुटत राहते आणि तिथे पेशी गोळा करते. डुकराला ती मानवते. गुरांची लस उरली म्हणून ती डुकरांना टोचणं हे काटकसरीचं वाटलं तरी ती मात्रा वाया जाते.

लस दिल्यावर किती दिवसांत भरवसा धरावा?

चांगल्या, जास्त ताकदीच्या लसीनं गुरांत चार-पाच दिवसांत संरक्षण दिसू शकतं. डुकरांत बहुधा आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि शेजारच्या कप्प्यातलं आजारी डुकर सतत विषाणूचा मारा करत असेल तर त्याहून जास्त. लसीची ताकद पीडी-५० या एककात मोजतात. निम्म्या जनावरांना वाचवणारी मात्रा म्हणजे एक पीडी-५०. नेहमीच्या लसीत किमान ३ आणि साथीच्या वेळच्या लसीत किमान ६ पीडी-५० असावे लागतात.

म्हणून शेजारी रोग आल्यावर लस आणायला धावलात, तर तुमची डुकरं त्या आठवडाभर उघडीच असतात. तेवढे दिवस भिंत म्हणून फक्त तुमची बंदी असते. बाहेरचं माणूस आत नको, बाहेरचं खाद्य नको, गाडी नको, आणि नवं जनावर तर मुळीच नको.

वेळेवर लस दिली, तरी रोग आला. असं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा राग असतो, आणि तो रास्त असतो. कारणं सहसा यांतली असतात.

बाटली गरम झाली असेल. लसीत विषाणू मारलेला असला तरी त्याचं कवच अखंड असावं लागतं. या अखंड कणाला १४६-एस म्हणतात. उष्णतेनं किंवा आम्लानं तो फुटून १२-एस तुकडे होतात, आणि तुकड्यांवरून शरीर फारसं काही शिकत नाही. बाटलीकडे नुसतं बघून हे कळत नाही, ती दोन्ही वेळा सारखीच पांढरी दुधाळ दिसते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसवरच हवी. बर्फात गोठली तर इमल्शन फाटतं, तेही तितकंच वाईट. डुकराच्या मानेत चरबी जाड असते, आखूड सुई लावली तर लस स्नायूऐवजी चरबीत राहते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

बूस्टर राहिला असेल, किंवा पिल्लं फार कोवळी असताना टोचली असतील. किंवा लस वेगळ्या वाणाची आणि साथ वेगळ्या वाणाची. आणि सगळं नीट करूनही एक गोष्ट उरते. ही लस रोगापासून वाचवते, संसर्ग मुळातच होऊ देणार नाही अशी हमी ती देत नाही. लस दिलेल्या डुकराला फोड न येता सौम्य संसर्ग होऊ शकतो, मात्र ते बरंच कमी विषाणू बाहेर टाकतं.

रक्त तपासून कळतं का की प्रतिपिंडं लसीची आहेत की रोगाची?

कळतं, आणि युक्ती मोठी हुशारीची आहे. खरा संसर्ग झाला की विषाणू पेशीत वाढताना कवचाव्यतिरिक्तही प्रथिनं बनवतो. शरीर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडं करतं. शुद्ध केलेल्या लसीत ही प्रथिनं काढून टाकलेली असतात. त्यामुळे अशाच एका, ३-एबीसी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी एलायझा ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर डुकराला विषाणू भेटून गेला आहे असं धरतात. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

सगळे वाण डुकरांत सारखेच वागतात का?

नाही. मार्च १९९७ मध्ये तैवानमध्ये ६८ वर्षांनी हा रोग परतला, तो ओ प्रकाराचा एक वाण होता. त्याच्या ३-ए प्रथिनातला एक तुकडा गळालेला होता. त्यानं डुकरांत हाहाकार केला, ३८ लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली, आणि गुरांना मात्र जवळजवळ काहीच झालं नाही. गुरं ठीक आहेत म्हणून डुकरं सुरक्षित समजू नका.

प्रतिजैविकं देऊन फायदा होतो का?

विषाणूवर शून्य. फुटलेल्या फोडात जिवाणू शिरले असतील तर पशुवैद्यक ती देतात, तो वेगळा भाग.

इंटरफेरॉनचं इंजेक्शन देता येईल का?

संशोधनात दिलं गेलंय. निरुपद्रवी केलेल्या अॅडेनोव्हायरसमध्ये डुकराच्या इंटरफेरॉन-अल्फाचं जनुक घालून ते टोचलं, आणि २४ तासांनी लाळ्या खुरकूतचा विषाणू दिला, तर डुकरं वाचली. हे संरक्षण तीन ते पाच दिवस टिकतं. लस काम करू लागेपर्यंतची जी उघडी खिंड आहे, नेमकी ती यानं भरता येईल, म्हणून या कामाकडे मी मोठ्या आशेनं बघतो.

माणसाला धोका आहे का?

सार्वजनिक आरोग्याला नाही. लहान मुलांना होणारा हात-पाय-तोंडाचा आजार वेगळ्या विषाणूंनी होतो. पण तुमचे बूट, कपडे आणि हात विषाणू दुसऱ्या कळपाकडे नेऊ शकतात.

फोड दिसला तर आधी काय करू?

डुकरं हलवू नका, विकू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा. नुसत्या नजरेनं निदान करू नका. स्वाइन व्हेसिक्युलर डिसीज, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस आणि सेनेकाव्हायरस या तिन्हींत असेच फोड येतात, अनुभवी डोळाही तिथे चुकतो. नमुन्यासाठी सगळ्यांत उत्तम म्हणजे न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल. पशुवैद्यक ती घेऊन सामू ७.२ ते ७.६ राखलेल्या द्रावणात ठेवून पाठवतात, कारण आम्लात हा विषाणू लगेच मोडतो. ते येईपर्यंत फोड धुऊ नका, त्यावर औषध लावू नका, आणि कोणत्या डुकराला कधी लंगडताना पाहिलं ते तारखेसह लिहून ठेवा.